चाळिसावी बकरी

२ फेब्रुवारी
आज पुन्हा मोजल्या. चाळीस! दोनदा मोजल्या, कारण मोजताना एक बकरी जागेवर राहील तर शपथ. गेल्या रमजानच्या पंधराव्या रोजाला पहिल्यांदा चाळीस झाल्या होत्या. या पंधराव्या रोजाला वर्ष भरतं. त्या दिवशीही चाळीस असल्या, तर एक बकरी जकातीची, म्हणजे गरिबाच्या हक्काची. मौलानांनी नीट समजावून सांगितलं — धरणाच्या काठानं फुकट चरणाऱ्या, दुधापिल्लांसाठी पाळलेल्या बकऱ्यांना हा नियम. एकोणचाळीसपर्यंत काही नाही, चाळिसाला एक.

शाकीर शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "मंग एक इकून टाक ना नाहिद. एकोणचाळीस राहतील, एक वाचंल."

नवरा शिंपी, डोकंही शिंप्याचं! जन्मभर लोकांचं कापड वाचवलं, आता बकरी वाचवायला निघाला.

६ फेब्रुवारी
रुक्सारला सांगून आले, बकरी तुला देणार. आमच्याच गल्लीतली. नवरा सोडून गेला, ती हळदीच्या कामाला जाते, दोन लेकरं एकटीनं सांभाळते. वाटलं खूष होईल. तर तिनं हात जोडले.

"आपा, दया म्हणून नका देऊ. लोक आधीच काय काय बोलून राहिले. हक्काची असंल तर घीन."

म्हटलं, हक्काचीच असेल. चाळीस भरल्या की ती बकरी माझी राहतच नाही.

तिचं मला कळलं. कोरोनाच्या साली शाकीरची शिलाई बंद पडली, तेव्हा मौलाना आमच्याकडे जकातीचे गहू घेऊन आले होते. मी मान वर करेना. ते म्हणाले, "बेटी, हे तुमचंच हाय. देणाऱ्यांकडं नुसतं ठेवलेलं होतं, ते आणलं." तेव्हापासून मनात धरून बसलेय — एकदा तरी आपण द्यायची, आणि अशीच द्यायची.

११ फेब्रुवारी
पण द्यायची कोणती? मौलाना म्हणतात, सगळ्यात चांगली मागायची नाही आणि सगळ्यात वाईट खपवायची नाही. मधली द्यायची. आता चाळिसात मधली कोणती, ते कोण सांगणार! शाकीर म्हणाला, लंगडी दे. त्याला विचारलंच कोणी होतं?

शेवटी गोजरबाईंना बोलावलं. शेजारचं शेत त्यांचं, सगळा जन्म जनावरांत गेला. त्यांनी पदर खोचला आणि एकेकीचे दात बघितले, कास बघितली. तासभर चाललं. मग म्हणाल्या, "ही भुरी. दोनदा याली, दूध बेताचं, सोभाव बेताचा. तुझ्यासारखीच हाय."

हसून हसून पोट दुखलं. मग दिवसभर भुरीकडेच बघत बसले.

१९ फेब्रुवारी
पहिला रोजा. चाळीस.

२४ फेब्रुवारी
भुरी हल्ली सारखी अंगाला अंग घासते. पूर्वी कधी जवळ यायची नाही. मुद्दाम करते!

१ मार्च
काल रात्रीपासून ताप. रोजा सोडवेना, उठवेना. शाकीरला म्हटलं, आज तू ने बकऱ्या. नेल्या. आणि धरणाच्या काठाला मोबाईल बघत बसला! एक तांबडी कोवळ्या ज्वारीत शिरली, पोट फुगलं, घरी आणेपर्यंत गेली.

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. रोजाचा सगळा सवाब, सगळं पुण्य त्यातच गेलं असणार.

एकोणचाळीस.

२ मार्च
मौलानांकडे गेले. दोन बकऱ्या गाभण आहेत, पण त्यांना अजून महिना आहे. ते म्हणाले, "वर्ष भरायच्या दिवशी एकोणचाळीस, म्हणजे तुमच्यावर फर्ज न्हाई. खुशीनं द्या, कोण अडवतंय?"

खुशीनं देता येतंच हो! पण रुक्सार घेणार नाही. मग काय तिला खोटं सांगू? चाळीस आहेत म्हणू? रोजा धरून?

घरी येऊन गोठ्यात बसून रडले. पोटभर रडले. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस रवंथ करत बघत होत्या.

३ मार्च
रुक्सारला खरं ते सांगून आले. "असू द्या, आपा. तुमचं नुकसान झालं, त्याचं बघा," म्हणाली आणि उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला. अंगणात बकरी बांधायला नवी खुंटी ठोकलेली होती. आम्ही दोघींनी तिकडं बघितलं नाही.

४ मार्च
शाकीर पहाटे फजरच्या नमाजानंतर कुठं गेला, सांगून गेला नाही. ईदच्या कपड्यांचा एवढा ढीग पडलाय, माणसं येऊन विचारून राहिली, आणि हा गायब! आता मात्र मी काही बोलणार नाही. त्या दिवशीचं बोलणं जरा जास्तच झालं होतं. थोडं.

५ मार्च
पंधरावा रोजा. मी पोचायच्या आत गोठ्यात कोणीतरी ओरडत होतं. बघते तर नवी काळी बकरी, आणि शेजारी शाकीर, कपड्यांना बाजारची धूळ. "महागात पडली," एवढंच म्हणाला आणि मशीनवर जाऊन बसला. तशीच पळत मौलानांकडे गेले — विकतची चालते का? ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चालते, चालते! लोक तर आज एक इकून येतात!" चाळीस मोजल्या आणि भुरीला घेऊन रुक्सारकडे गेले. तिनं दोरी हातात घेतली आणि आत जाऊन भुरीसाठी पाणी आणलं. आभाराचा एक शब्द बोलली नाही. मला इतकं बरं वाटलं!