मुंगसाच्या ताटावर बाबांचा हात

झाशी,
२० जुलै

ती. स्व. सौ. कमलआत्यास,
निवेदिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडता येत नाही आणि कानाचं यंत्र तू डब्यात ठेवून दिलं आहेस, तेव्हा सागर ते झाशी ही टपालाची वाटच बरी. आई बरी आहे. बाबांची कारखान्यातली पाळी बदलली, म्हणून सध्या घरात दुपारी बोलायचं नाही.

आत्या, मी फार वैतागले आहे. मी जे कार्टून करते आहे ते तुला माहीत आहेच. मागच्या गणपतीत महाप्रसादानंतर मंडळाच्या फाटकाबाहेर गाई श्रीखंड खात होत्या. अर्धी ताटं तशीच टाकलेली. तेव्हाच मी ठरवलं की या विषयावर काहीतरी करायचं. चार मिनिटांची गोष्ट आहे. मुंगसाचं पिल्लू जंगलातल्या लग्नाला जातं, वाढणारं अस्वल त्याला आग्रह करकरून वाढतं, पिल्लू पुरे म्हणतं तरी थांबत नाही. प्रत्येक चित्र मी स्वतः काढलं आहे. यंदा मंडळात ते मुलांना दाखवायचं.

आणि ते नुसतं मुलांसाठी नाही. पुण्याच्या एका लहान संस्थेने मला बोलावलं आहे. ते लोक शाळांसाठी अशाच फिल्म बनवतात. दिवाळीच्या आत कळवायचं आहे. आपल्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, तर बाबांचं म्हणणं की मग मास्तरीण हो, कार्टून काय करतेस. शेवटी म्हणाले की मंडळात दाखव, चार माणसं काय म्हणतात बघतो, मग पुण्याचं ठरवू. म्हणजे माझं सगळं त्या चार मिनिटांवर आहे.

आवाज आणि जोडणी करायला मी ते सिपरी बाजारच्या हर्षितकडे दिलं. तो लग्नाचे व्हिडिओ करतो. काल बघायला गेले तर काय, पिल्लू ताटावर दोन्ही पंजे ठेवतं, आणि अस्वलाच्या पंजाऐवजी वरून एक खराखुरा माणसाचा हात येतो. हातात श्रीखंडाचा डाव. बाही कोपरापर्यंत वर, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. आत्या, ते बाबा होते. आपल्या प्रांजलीच्या लग्नाचा जो व्हिडिओ त्याने काढला होता, त्यातून बाबांचा हात कापून माझ्या जंगलात चिकटवला. धप्पकन श्रीखंड पडतं आणि पिल्लू त्यात बुडतं. हर्षित पोट धरून हसत होता. म्हणे दीदी, आपका कार्टून बहुत सूखा था, थोडा घी डाला है.

दर पंगतीत वाढणारा तो हात झाशीतला कोणता मराठी माणूस ओळखणार नाही? सगळा हॉल बाबांना हसेल आणि माझं पुणं तिथेच संपेल. मी त्याला ते काढायला सांगून आले आहे.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.

तुझी,
निवेदिता


सागर,
२७ जुलै

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

तुझं रागाचं पत्र वाचून मी इतकी हसले की ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून मला पाणी आणून दिलं. मग त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात की त्या हाताने त्यांना आमच्या घरभरणीत नऊ जिलब्या खायला घातल्या होत्या, त्या मुंगसाला म्हणावं एकटा नाहीस.

पण तुझ्या बाबांचं, आमच्या दत्तूचं, एक तुला सांगून ठेवते. तो सात-आठ वर्षांचा असेल. ग्वाल्हेरला एका बड्या नातेवाइकांकडे मुंज होती. आमच्या आईने आम्हाला शिकवून नेलं होतं की पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, नाहीतर लोक म्हणतात घरी खायला नाही. खरोखरच नव्हतं, म्हणून तर शिकवलं. दत्तूने श्रीखंडाला एकदा नको म्हटलं आणि वाढणारा पुढे गेला तो गेलाच. भातालाही तेच. परतताना बसमध्ये पोर भुकेने रडलं. तेव्हापासून तिसऱ्यांदा नको म्हटल्याखेरीज त्याला ते नको वाटतच नाही. आम्ही त्याची कितीही थट्टा केली तरी पंगतीत डाव तोच धरणार.

तेव्हा तुझं म्हणणं बरोबर आहे, अन्न वाया जाऊ नये. पण अस्वल दुष्ट आहे का, एवढं बघ. आणि तो हात ठेवायचा की काढायचा, हे ज्याचा हात आहे त्यालाच का नाही विचारत? मला विचारून काय उपयोग, मी तर ठेव म्हणेन.

तुझ्या आईला आशीर्वाद. तुझ्या रागासकट तुझी वाट बघते.

तुझी,
कमलआत्या


झाशी,
१० ऑगस्ट

ती. स्व. सौ. कमलआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग उतरला होता, पण हर्षितने तो फार वेळ उतरू दिला नाही. एक हात काढला, तर त्याने दुसरीकडे मंडळाचे अध्यक्ष सुभाषचंद्रजी जांभई देताना घातले. हरणांच्या मधोमध! ते काढायला लावलं, तर बँडवाल्याचे गाल आले. मी विचारलं की भैया, तुला जंगलाची गोष्ट कळते का. तो म्हणतो दीदी, जंगल तो सबने देखा है, अंकलजी को जंगल में किसी ने नहीं देखा.

त्याचं असं म्हणणं की चित्रातलं अस्वल वाढतं तेव्हा मुलं नुसती बघतात, पण खरा हात आला की हसतात, आणि हसतात तेव्हाच लक्षात ठेवतात. मी म्हटलं की मला हसायला नको, विचार करायला हवा. तर म्हणे आप बहुत पढ़ी-लिखी हैं. हे तो कौतुकाने म्हणाला की टोमणा मारला, ते समजलं नाही.

शेवटी समोर बसून सगळं काढून घेतलं. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी चित्रं आहेत, स्वच्छ. तो काढताना तीन-तीनदा म्हणत होता की बाबूजी बुरा नहीं मानेंगे, रहने दो. त्याला बाबा काय माहीत?

तू म्हणालीस त्यांना विचार. आत्या, काय विचारू? की बाबा, सगळ्यांसमोर तुमची थट्टा करू का? ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. ग्वाल्हेरची गोष्ट कळल्यावर तर मी तो हात ठेवूच शकत नाही. त्यांचा मान मी राखला, हे त्यांना कळलं नाही तरी चालेल.

गणपतीला यायचं बघ. नाही आलीस तर निदान मोदकांच्या आठवणीने तरी प्रेम कायम ठेव.

तुझी,
निवेदिता


झाशी,
३१ ऑगस्ट

ती. स्व. सौ. कमलआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कार्यक्रम झाला. हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

बाबा त्या दिवशी सर्वांच्या आधी तयार झाले. इस्त्रीचा सदरा, बाही कोपरापर्यंत, घड्याळ आतल्या बाजूला. कारखान्यातल्या चार मित्रांना घेऊन पहिल्या रांगेत बसले. त्यातले गुप्ताजी तर चिरगाँवहून बसने आले होते, त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. मला वाटलं, माझ्यासाठी आले. मी किती खूश होते, आत्या.

कार्टून सुरू झालं. मुलं पहिलं मिनिटभर बसली. मग एक उठला, त्याच्यामागे तीन. मंडळातल्या ऐश्वर्याच्या मुलाने मोठ्याने विचारलं की मम्मी, ये खत्म कब होगा. पंगतीचा प्रसंग आला तसे बाबा खुर्चीत पुढे सरकले. अस्वलाचा पंजा आला. अस्वलाने वाढलं. बाबा पडद्याकडे बघतच राहिले. संपल्यावर टाळ्या पडल्या, अध्यक्षांच्या भाषणाला वाजवतात तशा. आणि गुप्ताजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, दत्तात्रेय जी, आप इसमें कब आए? हमने तो देखा नहीं.

बाबा म्हणाले, काट दिया होगा.

त्यांना माहीत होतं. जुलैमध्येच कारखान्यातून येताना हर्षितने त्यांना दुकानात बोलावून दाखवलं होतं. त्यांनी ते दोनदा बघितलं, खूप हसले, आणि त्याला बजावलं की निवेदिताला सांगू नकोस, तिने माझ्यासाठी सरप्राइज ठेवलंय. मग कारखान्यात सगळ्या शॉपमध्ये सांगत सुटले. आता मी हर्षितवर ओरडले तर तो म्हणतो की दीदी, मैंने तीन बार बोला था. बोलला होता, हे खरंच.

महाप्रसादाला बाबांनी डाव हातात घेतला नाही. जेवायला बसले. आत्या, ते कधी पहिल्या पंगतीला बसलेत? एकदा नको म्हणाले आणि उठले.

पुण्याचं विचारलं तर म्हणाले की जा, तिथे तुला पाहिजे त्याला कापता येईल. हे हो आहे की नाही, आईलाही सांगता येत नाही. मला अशा हो-वर जायचं नाही. ज्यांचा मान राखायला मी एवढं भांडले, त्यांचाच मान घालवून बसले. तूच सांग, मी काय करू.

रागावली असलीस तर तसंच लिही, पण लिही.

निवेदिता


सागर,
६ सप्टेंबर

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

रागावले आहे, म्हणून लिहिते.

दत्तू लोकांचं नको ऐकत नाही, म्हणून तू अख्खं कार्टून काढलंस. आणि तू तर त्याचं हो-सुद्धा ऐकून घेतलं नाहीस. तो न ऐकता ताटात घालतो, तू न विचारता ताटातून काढून घेतेस. दोघं एकाच चुलीवरचं खाऊन वाढलात, दुसरं काय. मी विचार म्हटलं होतं. पण तू शिकलेली, तुला उत्तर आधीच माहीत.

तुला वाटलं, हसणं म्हणजे हसं करणं. अगं, आमच्या लहानपणी त्याच्याकडे पंगतीत कोणी बघितलंसुद्धा नव्हतं. आता भर हॉलमध्ये एक मुंगूस त्याच्या श्रीखंडात बुडणार, याचा त्याला केवढा अभिमान असेल. चिरगाँवहून माणसं काय उगाच आणली?

आता रडत बसू नकोस. कोजागिरीला मंडळात सगळे जमतीलच. पुन्हा कर. जुना कापलेला हात चिकटवू नकोस, नवा घे, त्याच्यासमोर उभी राहून माग. आणि त्या हर्षितला माझे आशीर्वाद सांग, पोरगा तुझ्यापेक्षा शहाणा आहे. हे वाचून तू चिडशील, म्हणूनच लिहिलं.

तुमच्या दोघांवरही माझा जीव आहे, म्हणून ही कटकट.

कमलआत्या


झाशी,
१३ ऑक्टोबर

ती. स्व. सौ. कमलआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एवढे दिवस पत्र नाही, कारण तुझ्या भावाने मला वेळ दिला नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बाबांना विचारलं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं की श्रीखंड खरं असेल का. मी म्हटलं, खरं. मग म्हणाले, रविवारी.

मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणून व्हरांड्यात लावलं. त्याच्यासमोर हात धरला की हर्षित हिरवं पुसून टाकतो आणि हात माझ्या चित्रात जाऊन बसतो. समोर काहीच नसतं, ताट नाही, पिल्लू नाही. बाबांना हे पटेना. म्हणाले, कोणी जेवायला बसलं नसेल तर मी वाढू कोणाला? हवेला आग्रह करू? शेवटी आई कॅमेऱ्याच्या खाली पाट घेऊन बसली, तेव्हा हात हलला. आईच्या केसांत श्रीखंड गेलं ते वेगळंच. ती दोन दिवस बोलली नाही, माझ्याशी. बाबांशी बोलली.

खरी आफत शेवटी. गोष्टीत पिल्लू पुरे म्हणतं आणि हात थांबतो, एवढंच करायचं होतं. आत्या, त्यांना थांबताच येईना. प्रत्येक वेळी डाव तिरका होऊन श्रीखंड खाली. हर्षित म्हणतोय बाबूजी, रुकना है, आणि बाबा म्हणताहेत अरे, वो शरम से बोल रहा है. मी म्हटलं की बाबा, हे चित्र आहे, मी काढलंय, याला शरम नाही, याचं पोट भरलंय. तर म्हणाले, तुला काय माहीत? मी डोकं धरून पायरीवर बसले.

मग बाबाच म्हणाले की मला आधी त्याच्या तोंडाकडे बघू दे. भरलं असेल तर तोंडावर दिसतं. मग थांबतो.

तेच घेतलं. आता कार्टूनमध्ये हात येतो, श्रीखंड धप्पकन पडतं, पुन्हा येतो, आणि तिसऱ्या वेळी ढगांमधून बाबांचा अख्खा चेहरा खाली येतो, चष्म्यासकट, आणि चिमूटभर मुंगसाकडे निरखून बघतो. कोजागिरीला त्या जागी मंडळ एवढं हसलं की पुढचा आवाज कोणाला ऐकू आला नाही. ऐश्वर्याचा मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता की दत्तू आजोबा, पुरे, पुरे! मराठीत. पिल्लू पोटावर पंजा ठेवून मान हलवतं. बाबा बघतात. मग हात हळूच मागे जातो. गुप्ताजी पुन्हा चिरगाँवहून आले होते, त्यांनी दोन वेळा लावायला लावलं. हर्षितचं बरोबर होतं, माझं कार्टून सूखा होतं. हे मी त्याला सांगणार नाही, तूही कळवू नकोस.

पुण्याबद्दल बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वाट बघून बघून चिडले होते.

काल दुपारी जेवायला बसलो. बाबाच वाढत होते. माझ्या ताटातली पोळी संपली. त्यांनी विचारलं, अजून एक? मी सवयीने नको म्हटलं. तुला माहीत आहे, आपल्याकडे पहिलं नको कोण मनावर घेतं. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, चांगलं निरखून. आणि पोळी डब्यात परत ठेवून झाकण लावलं.

मला भूक होती, ती त्यांना दिसली होती, आणि तरी त्यांनी ठेवली. म्हणाले, सवय कर. पुण्यात एकदाच विचारतात.

मग आईला म्हणाले की हिच्या तिकिटाचं बघायला हवं.

दिवाळीनंतर निघते. तू मात्र तुझा लोभ एकदा विचारून थांबवू नकोस. मी नको म्हटलं तरी आणखी वाढ.

तुझी,
निवेदिता