एका रेणूचा थर

दि. ४ मार्च

चि. टिटवीस मामीचे आशीर्वाद.

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं आणि मी गॅलरीत चादरी वाळत घालत होते. तुझे मामा चहाचा कप घेऊन तिथे आले. कपड्यांचा चिमटा कठड्यावर आडवा ठेवून म्हणाले, कोबाल्टच्या पातळ थरात चुंबकत्व असं पडून असतं. वर एका रसायनाचा एका रेणूइतका थर दिला की ते असं उठतं. चिमटा त्यांनी उभा केला. मी म्हटलं, आधी तो चादरीला लावा, नाहीतर ती रस्त्यावर जाऊन पडेल.

फार हसले. पुढे लोकांनी त्यांना हसू दिलं नाही. यंत्राची चूक, म्हणाले.

तुमच्या प्रयोगशाळेतले साहेबही आता मामांच्या त्या कामावर तोच शेरा मारणार म्हणतेस. त्याआधी सोबतच्या डबीतला हा कोबाल्टचा तुकडा मोज. डबीचं झाकण मामांनीच मेणाने बंद केलंय. ते गेल्यावर त्यांच्या हातचा एवढा एकच उरलाय. त्यांची पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचते, निम्मी कळतात. पण खोटं बोलले की यांचे कान लाल व्हायचे, आणि त्या सकाळी ते लाल नव्हते.

जेवत जा. नुसत्या चहावर किती दिवस ओरडशील?

तुझी मामी

दि. १९ मार्च

ती. मामीस सा. न. वि. वि.

चुंबकत्व आडवंच निघालं. पण दोष मामांचा नाही, माझा आहे.

आमच्याकडे यंत्रात जाणारी प्रत्येक वस्तू आधी धुतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि शिकवते मीच. डबी उघडली, तुकडा द्रावणात बुडवला, मग ओझोनच्या पेटीत ठेवला. हात आपोआप चालत होते. ओझोन पृष्ठभागावरचं सगळं रसायन जाळून टाकतो. पेटीतला दिवा लागला तेव्हा मला भान आलं. लगेच बंद केलं, पण एका रेणूच्या थराला कितीसा वेळ लागणार?

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, न धुता मोजला असतास तर पृष्ठभाग मळका होता म्हणून मी तो नाकारला असता. मी स्वतः केलेल्या तुकड्यांपैकी एकातही चुंबकत्व उभं राहिलं नाही. रसायन ठाऊक आहे, मामांची हातोटी ठाऊक नाही. शेरा पडला.

मामी, मला रागव गं. गप्प राहू नकोस.

तुझी टिटवी

दि. २७ मार्च

चि. टिटवीस आशीर्वाद.

रागवायला बसले, जमलं नाही. मी घासलेलं भांडं तुझे मामा पुन्हा विसळून घ्यायचे. तू त्यांच्याच वळणाची.

पण फार काही गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. होतं तेवढं सगळं गेलं. ते खरं बोलत होते हे मला माहीत आहे, आणि माझ्या माहीत असण्याचा कुणाला उपयोग नाही. तुकडा परत पाठवू नकोस. तो आता नुसता कोबाल्ट आहे.

बागेतल्या बाकावर त्यांच्या नावाची पाटी बसवायची आहे, हे तुला लिहायचं राहिलं होतं. नावाखाली त्यांच्या शोधाची एक ओळ घालायची होती, म्हणून कारागिराला थांबवून ठेवलं होतं. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे, तिची काळजी करू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कारागिराकडे गेले आणि नुसतं नाव कोरायला सांगितलं.

तुझी मामी