एम्युलेटरचं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. नांदगाव. सकाळी ६.
आजपासून शिस्त. आमचा एम्युलेटर, म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्याचं सोंग वठवणारा प्रोग्राम, भाषांतर केलेले कोड-ब्लॉक कसे चालवतो यावर आठ पानं लिहायची. मुदत २८ तारीख. झाली तर कायम घरून काम. नाही तर पुण्याचं ऑफिस. आमच्या बॉस किशोरी मॅडमनी हे फोनवर दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं. आठ पानं म्हणजे चार दिवस.

४ नोव्हेंबर.
टेबल डुगडुगतं. अशाने विचार स्थिर राहत नाही. सुतार गुरुवारी येणार. तोवर वाट पाहणं भाग आहे.

७ नोव्हेंबर.
टेबल पक्कं. शीर्षक लिहिलं. फॉन्ट तीनदा बदलला. पहिलं वाक्य झकास जमलं: 'एम्युलेटर ब्लॉक चालवतो.' संध्याकाळी उथळ वाटलं. खोडलं.

१० नोव्हेंबर.
बाबा काजूच्या बागेतून आले आणि काय लिहितोस म्हणाले. समजावलं. यंत्र परक्या यंत्राच्या सूचना पुढच्या वळणापर्यंत घेतं, तेवढ्यांचं भाषांतर करतं, चालवतं आणि जपून ठेवतं. परत तिथे आलं की जपलेलंच चालवायचं. बाबा म्हणाले, म्हंजे एकदा केलेला परत करूक नको, मगे तू रोज पयला वाक्य कित्याक लिवतंस? म्हटलं, विषय टेक्निकल आहे.

१३ नोव्हेंबर.
अर्धं पान. रोज पहिल्यापासून वाचून मगच पुढे जातो. दर्जा म्हणजे दर्जा. वाचून होईतो जेवणाची वेळ होते.

१७ नोव्हेंबर.
काहीच सुचत नाही. कर्सर लुकलुकतो, मी बघतो. खरं सांगायचं तर भीती वाटते. सकाळची आईच्या हातची पेज सोडून पुण्याच्या त्या खोलीत परत जायचं नाहीये. आई म्हणाली, देवाक कौल लाव. मी विज्ञानवादी माणूस.
उद्या साडेसातला निघायचं ठरलंय.

१८ नोव्हेंबर.
देवळात सत्यवान गुरवांनी मूर्तीला दोन्हीकडे ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालायचं तर काम काय ते त्यांना कळायला हवं. मी पाऊण तास सांगितलं. त्यांनी एका दमात घातलं:
'बा देवा म्हाराजा, ह्येच्या यंत्राक दुसऱ्या यंत्राची भाषा कळना नाय. म्हणान ता वळणापर्यंत जाता, तेवढ्याचाच भाषांतर करता, चालवता आणि जपान ठेवता. परत त्याच वाटेन इला तर जपलेला काढता. मूळ बदलला तर जुना टाकून देता. ता सगळा ह्येका लिवचा आसा. ह्येचा काम येळेत पुरा होवंदे रे म्हाराजा.'
देवळातले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. उजवी पाकळी लगेच पडली. निघताना गुरवांनी विचारलं, सुरवात केलंस मां? हो म्हटलं.
गाऱ्हाणं गंमत म्हणून फाइलच्या खाली टिपून ठेवलं.

२३ नोव्हेंबर.
देवाने शब्द दिलाय. आता घाई करणं म्हणजे अविश्वास. पाच दिवस डोकं शांत ठेवलं.

२६ नोव्हेंबर.
एक ब्लॉक संपला की एम्युलेटर मुख्य लूपकडे, म्हणजे सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या फेऱ्याकडे, न परतता थेट पुढच्यात उडी मारतो. असे ब्लॉक गोल जोडले गेले तर त्यांना थांबवतं कोण? मला माहीत नाही. चार वर्षं मी यावर पगार घेतोय. कोणाला विचारायचीही सोय नाही.

२७ नोव्हेंबर, दुपारी ३.
मॅडम म्हणाल्या, असेल तसं पाठव. पाठवलं. मग आठवलं, गाऱ्हाणं काढायचं राहिलं. मॅडम माहेरच्या सावंतवाडीच्या. त्यांना शब्द न् शब्द कळणार. मेलो.

२८ नोव्हेंबर.
मॅडमचा फोन. माझं अर्धं पान त्यांनी काढून टाकलं. गाऱ्हाण्याचं इंग्रजी करून सुरुवातीला घातलं, आणि पुढचं त्याच ओघात स्वतःच लिहून काढलं. इतकं सोपं कोणी समजावलं नव्हतं म्हणाल्या. गुरवांना नमस्कार कळवायला सांगितला. मला सोमवारी पुण्यात हजर व्हायला सांगितलं.
आई आमसुलं बांधून देतेय. बाबा टेबलावर जुनी चादर घालून आले.
देवाला बोल लावता येत नाही. काम वेळेत पुरं होऊ दे, एवढंच मागितलं होतं. झालं. मला इथे राहू दे, हे गुरवांना सांगायचं मीच विसरलो.