डॉक्टरीणबाईंची पट्टी आणि माझी छत्री

कुमासी, शनिवार

तीर्थरूप अफियाताईच्या चरणी धाकट्या यावचा, गुडघे कुरकुरत असल्यामुळे मनातल्या मनात वाकून, नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? (त्यांनी तपकीर सोडली का, हे विचारत नाही. उत्तर माहीत आहे.) तुझ्या दवाखान्यातल्या फ्रिजने यंदाच्या वीजकपातीत जीव धरला की सोडला? आपल्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी देतात आणि मगच येण्याचं कारण विचारतात. पत्राला पाणी पाजता येत नाही, तेव्हा तूच पेलाभर पाणी पी आणि कारण विचारलंस असं समज. तर रीतीप्रमाणे सांगतो: इकडे सगळं क्षेम आहे, कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न मोडलेलं नाही, आणि मी काही मागायला लिहीत नाही. आठवण आली म्हणून लिहितो आहे.

तुझं मागचं पत्र मिळालं. विद्यापीठातली माणसं गाडीतून येतात, रोग्यांचं रक्त काढून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत, यापुढे त्यांच्यातलं कुणी फाटकात दिसलं तर झाडूने ओवाळीन, असं तू लिहिलं आहेस. ताई, तुझा राग रास्त आहे. फक्त अडचण अशी की मी आता त्यांच्यातच नोकरीला आहे. बाजारातलं माझं शीतगृह वीजकपातीने गिळलं, हे तुला ठाऊक आहेच. (शेवटच्या खेपेची बांगडा मासळी सडली तेव्हा शेजारच्या कापडवाल्याने आठवडाभर माझं नाव घेताना नाक धरलं.) तर इथल्या विद्यापीठात एक नवी खोली उघडली आहे. प्रयोगशाळांतून कुणी औषध शोधतं, कुणी रोगाची तपासणी शोधतं, आणि ते सगळं कपाटात म्हातारं होतं. त्या शोधांच्या छोट्या कंपन्या काढून द्यायच्या, हे या खोलीचं काम. खोलीच्या प्रोफेसरांचं म्हणणं पडलं की शास्त्र जाणणारे इथे पायलीचे पन्नास आहेत, पण आयुष्यात काही विकलेला एकही नाही. म्हणून मला घेतलं. ताई, ज्यांच्या एका कपाटात माझ्या सबंध डोक्यापेक्षा जास्त अक्कल आहे, त्या लोकांना मी बोलायला शिकवतो. पहिले काही दिवस मला खुर्चीत नीट टेकून बसायचाही धीर होत नव्हता.

पैसे गुंतवणारे पाहुणे येतात आणि प्रत्येकाला पाच मिनिटं देतात. तेवढ्यात आपला शोध सांगायचा. आम्ही रंगीत तालीम घेतली. पहिला गडी उठला, त्याने रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून प्रोफेसरांपासून ड्रायव्हरपर्यंत प्रत्येकाचा हात हातात घेतला, घरचं क्षेमकुशल विचारलं, आणि शोधाकडे वळतो न वळतो तोच घंटा वाजली. दुसऱ्याने तेच केलं. मी तरी काय बोलणार? नमस्कार न करता बोलणाऱ्याला मीही कधी मासळी विकली नसती. तिसरी डॉ. एमेफा. ही पार व्होल्टा नदीकाठची, बुटकी, चष्मेवाली. तिने एकदाच सगळ्यांना नमस्कार केला, मला केवढी आशा वाटली, आणि मग ती म्हणाली, "माझं काम अजून अपुरं आहे," आणि खाली बसली.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, बाई गं, असं का? तर म्हणाली, "याव काका, आपल्याच भांड्यातलं कालवण आपणच चाटून 'वा, वा' कसं म्हणायचं? खाणाऱ्याने म्हणावं." मी म्हटलं, मग निदान मला तरी वाढ. ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. शोध सापांचा आहे एवढं ऐकलेलं असल्यामुळे मी मासळीबाजारातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून गेलो. तिथे साप नव्हता. एका बोटभर नळीत सुकलेल्या विषाची भुकटी होती आणि तिच्या हातात कागदाची अरुंद पट्टी. तिने ते विष रक्ताच्या थेंबात कालवलं आणि थेंब पट्टीवर टेकवला. आम्ही बसलो. बोलायला काही नव्हतं म्हणून मी भाऊजींच्या खोकल्याची हकीकत सांगितली. ती संपता संपता पट्टीवर एक लाल रेघ उमटली आणि तिच्याखाली हळूच दुसरी. "दुसरी रेघ म्हणजे फुरसं," ती म्हणाली. मग तिने सगळ्यात मोठी गोष्ट अशी सांगितली, जसं काही विसरलेलं मीठ आठवावं: या पट्टीला फ्रिज लागत नाही.

ताई, मी जन्मभर बर्फ राखला. वीज गेली की मी गोणपाटं घेऊन धावायचो. आणि ही पोरगी ती पट्टी एप्रनच्या खिशात घालून उन्हातान्हात हिंडते आणि पट्टीला काही होत नाही. मला तुझा दवाखाना आठवला. यामच्या कंदांच्या शेतातून उचलून आणलेला माणूस, हिरड्यांतून रक्त, आणि चावलेला साप कुठला ते ठरवायला तू काचेच्या नळीत त्याचं रक्त घेऊन ते गोठतंय का ते बघत उभी, हातात औषधाची उरलेली एकच कुपी. माझे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला कसलातरी वास सोसला नाही, आणि त्यांनी खिडकी उघडली.

तिला परदेशातून बोलावणं आलेलं होतं. इथे कुणी पाठीशी उभं राहिलं नाही तर ती जाणार, आणि पट्टी कपाटात. मला झोप लागेना. मग राजाच्या दरबारातले आपले मोठे मामा आठवले. राजा कधी चारचौघांत स्वतः बोलायचा नाही, तो पुटपुटायचा, आणि मामा सोन्याच्या मुठीची काठी टेकून तेच मोठ्याने, चार दागिने घालून सांगायचे. मी एमेफाला म्हटलं, तू पुटपुट, मी सांगतो. तिला पटलं. तिच्याकडेही राजे असेच बोलतात. काठी कुठली आणणार, म्हणून मी माझी लांब काळी छत्री घेतली.

पाहुणे राजधानीहून, अक्राहून आले. त्यांच्या प्रमुख नाआ देदेई नावाच्या वयस्क बाई, पांढरे केस, आणि नजर अशी की मासळी विकताना अशा गिऱ्हाइकाला मी कधी शिळं दाखवलं नाही. एमेफा माझ्या कानात म्हणाली, फुरसं चावलं असेल तर पट्टी ओळखते. मी छत्री आपटली आणि सांगितलं की ही पट्टी ज्याला ओळखत नाही असा साप अजून अंड्यातून बाहेर यायचा आहे. पाहुण्यांच्या माना डोलल्या. एमेफा म्हणाली, "काका, नाही म्हणा." मी सांगितलं, डॉक्टर विनयाने म्हणतात, की एवढ्यावरच थांबू नका, अजून ऐका. (मामा असते तर त्यांनी मला कडेवर घेतलं असतं.) मी विंचवांपर्यंत पोचलो होतो तेव्हा तिने माझ्या हातातून छत्री काढून घेतली.

ती म्हणाली, "काका खोटं बोलले. ही पट्टी फक्त फुरसं ओळखते. नाग चावला तर ती गप्प बसते. आणि तिच्या गप्प बसण्यावर विसंबून कुणी नर्सने माणसाला घरी धाडलं, तर तो मरेल, आणि त्याला मारणारी मी असेन." मग ती बोलतच राहिली. पट्टी कुठे चुकते, कधी चुकते, चुकली तर काय करायचं. घंटा वाजवणारा घंटा वाजवायचं विसरला. मी भिंतीला टेकून उभा होतो, छत्रीवाचून हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, आणि मला एवढं मात्र कळलं की मी एका फार मोठ्या बाईच्या खोलीत उभा आहे. नाआ देदेई चष्मा पुसत म्हणाल्या, "आजवर सगळे मला आपली वस्तू काय करते ते सांगत आले. बस, पोरी. पाणी पी." मग त्यांनी एकच अट घातली: सापांच्या मुलखातल्या एखाद्या दवाखान्याने ही पट्टी एक पेरणीचा हंगाम वापरून पाहिली पाहिजे. तो दवाखानाही मिळाला, असो.

थोरांना नमस्कार, पोरांना गालगुच्चे, तुझ्या कंबरेला विश्रांती. सोबत धुरातली मासळी पाठवतो आहे.

तुझा आज्ञाधारक,
याव

ता. क. मासळी तुझ्यासाठी आहे. भाऊजींना वास पुरे.

ता. क. दुसरा: दवाखाना कसा मिळाला ते राहिलंच. अट ऐकून एमेफाचा चेहरा पडला, तो मला बघवला नाही, आणि मी बोलून गेलो की माझ्या थोरल्या बहिणीने केव्हाच होकार दिला आहे, ती तर वाटेकडे डोळे लावून बसली आहे. छत्री हातात नसताना बोललो, म्हणजे रीतीने पाहता ते माझं एकट्याचं बोलणं. परवानगीचे कागद सगळे आहेत. तुझी काचेची नळी चालूच राहील, पट्टी नुसती तिच्या जोडीला, असं डॉक्टरीणबाईंनीच बजावलं आहे. आणि निकाल घेऊन ती परत येईल. हे मात्र मी दागिने न घालता सांगतो.

ता. क. शेवटचा: पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मासळीचं पुडकं घेऊन जी बुटकी चष्मेवाली तुझ्या ओसरीवर उभी आहे, तीच ती. तू तिला बोलावलंस असं तिला वाटतं आहे. झाडू खाली ठेव, तिला पाणी दे, आणि मग विचार कशासाठी आलीस. या खेपेला मध्ये मी नाही. छत्री तिच्याच हातात आहे, बघ.