आईच्या पेन्सिलीच्या तीन ओळी

चिमे,

आईने दवाखान्यात लिहिलेला शेवटचा कागद तू मोबाइलमधल्या एआयकडून वाचून घेतलास आणि छापून दिलास. दोन दिवस मी तो उशाशी ठेवून रडलो. आज भिंग घेऊन मूळ कागदाशी ताडून पाहिला. तिच्या ओळी तीन आहेत, यंत्राने सात दिल्यात! पहिली स्पष्ट आहे, ‘नळाचा वॉशर बदला.’ खालच्या दोन पुसट. मग ‘अक्षर लागत नाही’ म्हणायला यंत्राला काय झालं होतं? पदरचे शब्द घालून वर ठणकावून सांगतंय, ‘तुम्हीच माझं जग आहात.’ छत्तीस वर्षांत ती असं एकदाही बोलली नाही.

औषधांच्या वेळा, अर्ज, पत्ते खुशाल विचार त्याला, पण एकदा स्वतः ताडून बघत जा. तू कागदाकडे पाहिलंसुद्धा नाहीस, राग त्याचा आहे.

कागद घेऊन आईच्या ऑफिसातल्या मावशींकडे चाललोय. वीस वर्षं शेजारच्या टेबलावरून त्यांनी तिचं अक्षर वाचलंय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

त्यांनाही लागलं नाही, तर त्या दोन ओळी तशाच राहू देत. तिने न बोललेलं मला चालतं.

— बाबा