अविनाशचं दुसरं ऑपरेशन

भोपाळ, मंगळवार संध्याकाळ

पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप नाही यायची. आज अविनाशबरोबर दवाखान्यात गेले होते. वजन कमी करायला त्याचं पोट पहिल्यांदा कापून लहान केलं, तेव्हा लेक माझा निम्मा झाला होता. मग हळूहळू सगळं परत आलं. येणारच. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि हा चालायचा आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. इथं दारावरून जाणाऱ्याला कोण तसंच सोडतं? एका क्वार्टरमध्ये चहा, दुसऱ्यात शेव, तिसऱ्यात "बेटा, एक जलेबी तो ले लो". मी विचारायचे, "साहेब वॉकला निघाले, की वसुलीला?"

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांदा पहिल्याइतकं वजन उतरत नाही, धोका मात्र जास्त. शुगर आटोक्यात येईल, कदाचित. कदाचित म्हणजे काय, ते मी विचारलंच नाही. अविनाशने लगेच हो म्हटलं. इन्शुलिनला कंटाळलाय बिचारा. मी नको म्हणायला हवं होतं का? पण नको म्हणून तरी काय, ती शेव, ती जलेबी थोडीच थांबणार आहे?

येताना ऑटोत तो म्हणाला, "आई, काहीतरी टोमणा मार ना. तू गप्प बसलीस की भीती वाटते."

म्हटलं, "या वेळी टाके नको म्हणावं, चेनच बसवा. सारखं शिवायला नको."

तो एवढा हसला की ऑटोवाल्याने वळून पाहिलं. मी पण हसले, त्याच्यासाठी. सोमवारी भरती करायचंय.