गलबत, सकाळी आठ वाजता

६ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. गलबतानेच जायचं.
बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज जेवता जेवता पक्कं केलं. एका दिवसाची सहल. बंदरातून निघायचं, समोरची तिन्ही बेटं करायची, ऊन उतरायच्या आत परत. लाँच नको. लाँचने काय, कोणीही जातं. जुन्या पद्धतीचं लाकडी गलबत हवं, शीड, दोरखंड वगैरे. बायकोला लाकडी वस्तूंची आवड आहे.
बायको सध्या तिच्या बहिणीकडे असते. मेहुणीचे गुडघे दुखतात. चार-पाच महिने झाले असतील. गुडघे म्हटल्यावर वेळ लागणारच.
संकल्प: सहलीत आवाज चढवायचा नाही. घड्याळ तासातून एकदाच बघायचं. फोन बंद ठेवायचा.

७ फेब्रुवारी, मंगळवार
लेकीला फोन केला. ती नोकरीच्या गावी असते. म्हटलं, आईला सहलीचं तू सांग, तुझं ऐकते ती. तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, मावशीचे गुडघे ठणठणीत आहेत. आई तिकडे राहायला गेलीये."
तरुण पोरांना प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई.
आईने एक खोली पाहून ठेवलीय म्हणे. महिनाअखेरीपर्यंत मालकाला हो की नाही ते सांगायचं, एक तारखेपासून राहायला. मी म्हटलं, आईच्या शिवणकामाला जागा लागत असेल, मावशीकडे अडचण होते. लेक म्हणाली, बरं बाबा.
फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिलो. दिवा लावायचा राहून गेला.

९ फेब्रुवारी, गुरुवार
बायकोचा फोन आला. स्वतःहून. (लेकीने करायला लावला असेल तरी बटणं तिनेच दाबली.)
१९ तारखेचा रविवार चालेल म्हणाली. सोबत मेहुणी आणि साडू येणार. लेकही रजा काढून येईल. मग म्हणाली, "मला बेटं बघायची एवढी हौस नाही. तुम्ही दिवसभर आमच्यात असणार असाल तर येते. खोलीचं काय ते त्यानंतर सांगेन मालकाला."
मी म्हटलं, असणार म्हणजे काय, सगळं माझ्याच देखरेखीखाली आहे.
ती हं म्हणाली. तिचा हं पूर्वीही असाच असायचा. चांगली खूण.

११ फेब्रुवारी, शनिवार
बंदरावर जाऊन आलो. गलबत झकास आहे. काळंभोर लाकूड, तेलाचा वास, बसायला दोन्ही बाजूंना फळ्या. मालकाला सगळे तांडेल म्हणतात. माणूस काही खास वाटला नाही. माझ्याशी बोलताना फोनवर दुसऱ्या कोणाशी तरी भांडत होता आणि मध्ये मध्ये मान हलवत होता. कोणती मान माझ्यासाठी ते कळायला वेळ लागला.
म्हटलं, १९ तारीख, रविवार, सकाळी आठ. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं, म्हणाला आठ जमेल. मी म्हटलं, जमेल नाही, आठ म्हणजे आठ. त्याने मान हलवली. ही माझ्यासाठीच होती.

१२ फेब्रुवारी, रविवार
वेळापत्रक केलं. बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात माझा जन्म गेला. या शहरातली प्रत्येक बस माझ्या सांगण्यावरून सुटते. निदान सुटायला हवी. तीन बेटं म्हणजे माझ्या हातचा मळ.
आठला प्रस्थान. पहिलं बेट, निसर्गदर्शन, दहा मिनिटं. दुसरं बेट, खाणं. खाण्यानंतर साडू आणि मेहुणी दीपगृह बघायला जातील, लेक फोटो काढेल आणि त्या वेळात "मोकळ्या गप्पा (पती-पत्नी)", वीस मिनिटं. आधी पंधरा धरली होती. मग म्हटलं, घाई कशाला.
साडूला दीपगृहात रस आहे का ते माहीत नाही. त्याचं गाद्यांचं दुकान आहे. बसून बसून कंटाळला असेल.

१५ फेब्रुवारी, बुधवार
घोटाळा. समुद्रावर दमट हवा असते हे लक्षातच आलं नव्हतं. साध्या कागदावरचं वेळापत्रक तासाभरात लगदा होणार. प्रत्येकाला लॅमिनेट करून प्रत हवी. आणि ऑफिसचं लॅमिनेशनचं मशीन बंद पडलंय. दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येत नाही. बाहेरच्या दुकानात करून घ्या, असं साहेब म्हणाले. बाहेरचे लोक कडेला बुडबुडे ठेवतात. पाहिलंय मी.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
निर्णय घेतला. सहल एक आठवडा पुढे. १९ ऐवजी २६. बाकी सगळं तेच. चांगली गोष्ट घाईत उरकू नये.
तांडेलला मेसेज टाकला: "तारीख २६. बाकी तसंच." त्याने अंगठा पाठवला. असा माणूस हवा.
लेकीने नाही पाठवला. तिची रजा मंजूर झाली होती, पुढच्या आठवड्यात मिळणार नाही. "बाबा, लॅमिनेशनसाठी?" असं तीनदा विचारलं. तीनदा हो म्हटलं. ती येणार नाही. म्हणजे गलबतात ऐसपैस होईल.
बायकोला फोन केला. ती म्हणाली, मी रविवार मोकळा ठेवला होता. मी म्हटलं, पुढचाही रविवारच आहे. मग म्हणाली, बघते. बघते म्हणजे हो.

१९ फेब्रुवारी, रविवार
काही नव्हतं आज. आठ वाजता गच्चीवर गेलो. टाकीच्या आणि समोरच्या इमारतीच्या मधून समुद्राची एक फट दिसते. पाणी काठोकाठ भरलेलं, उन्हात लखलखत होतं. आठची वेळ मी किती अचूक निवडली होती ते आपोआप सिद्ध झालं.
खाली येऊन शर्टांना इस्त्री केली. सगळ्यांना. मग परवाच केलेल्यांना पुन्हा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
मशीन दुरुस्त. सहा प्रती झाल्या, तांडेलची आणि एक जादा धरून. एकही बुडबुडा नाही. हात फिरवून बघत बसलो. साहेब म्हणाले, घरी कोणी आजारी आहे का, चेहरा उतरलाय. म्हटलं, छे, सहल आहे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार
बायको येणार. साडूने कळवलं. सोबत एक फाटाही फोडला: २६ तारखेला भरती किती वाजता आहे ते विचारलंय का? मी सांगितलं, आठची वेळ खुद्द तांडेलने दिलीय. तो म्हणाला, ती १९ ची ना? म्हटलं, आठ म्हणजे आठ, १९ असो की २६. गाद्या विकणाऱ्याने समुद्राच्या गप्पा मारायच्या म्हणजे कमाल आहे. आवाज चढवला नाही. थोडा चढला.

२५ फेब्रुवारी, शनिवार
तयारी पूर्ण. मोकळ्या गप्पांसाठी मुद्दे काढायला बसलो, ऐन वेळी काही सुचत नाही म्हणून.
पहिला: घर व्यवस्थित आहे.
दुसरा: बाथरूमच्या दारावर मी लावलेलं अंघोळीचं वेळापत्रक आता नाही. (जाताना तिनेच फाडलं होतं. पण मी पुन्हा लावलं नाही, हे महत्त्वाचं.)
तिसऱ्याला वेळ लागतोय. वाटेत सुचेल.

२६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी, धक्क्यावर
गलबत आहे. पाणी नाही.
जिथे समुद्र असायला हवा तिथे चिखल. लांबच लांब. त्यात गलबत एका कुशीवर कलंडून पडलंय, दुपारी जेवून आडवं झालेल्या माणसासारखं. पाणी कुठेतरी पलीकडे चमकतंय. तांडेल खोक्यावर बसून बिस्किट खातोय. ओहोटी आहे म्हणाला, दुपारी दोननंतर तरंगेल. मी वेळापत्रक समोर धरलं. तो म्हणाला, तुम्ही दिवस बदललात, मी हो म्हटलं, पाण्याला कोण सांगणार? मी त्याला अंगठा दाखवला, त्याचाच, फोनमधला. तो म्हणाला, अंगठा मी सगळ्यांनाच पाठवतो.
रोज वेळ पुढे सरकते म्हणे. एका आठवड्यात भरतीच्या जागी ओहोटी. हे काय कामकाज झालं? एक बस अशी चालवली असती तर माझी नोकरी गेली असती.
साडूने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. ते झटकणं मला उद्देशून होतं.
आणि बायको हसली. चिखलाकडे बघून हसली, मग माझ्या हातातल्या त्या सहा प्रतींकडे बघून आणखी. पदराने डोळे पुसले. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. मेहुणीने निळी चादर पसरली, डबा उघडला. बायकोने सरकून जागा केली. म्हणाली, "बसा ना. दोन वाजता तर दोन वाजता. कुठे जायचंय आपल्याला?"
पण बसणार कसं? दोनला निघालो तर दुसऱ्या बेटावर पोचेपर्यंत ऊन उतरणार, तिसरं अंधारात. दीपगृह बंद. गप्पांची वेळ पार परतीच्या प्रवासात, तीही साडू-मेहुणीच्या पुढ्यात. सगळं कोलमडलं. कोणीतरी जबाबदारी घ्यायला नको? म्हटलं, बंदर कार्यालयात लेखी तक्रार देऊन आलोच दहा मिनिटांत.
ती म्हणाली, नका जाऊ. मी म्हटलं, दहा मिनिटं गं.

दुपारी, बंदर कार्यालय
रविवार. साहेब नाहीत. सकाळपासून इथेच बाकावर बसलोय. कारकून जेवायला गेलाय, येईल असं पहारेकरी म्हणतो. तो कधी गेला ते पहारेकऱ्याला माहीत नाही. असा चालतो देश.
कोरा कागद मिळेना म्हणून वेळापत्रकाच्या मागे तक्रार लिहायला घेतली. लॅमिनेशनवर पेन उमटत नाही.
म्हणून ही नोंद रोजनिशीत करतोय. तक्रारीचा मसुदा मनात तयार आहे, सात मुद्द्यांचा. सात पटापट सुचले.
खिडकी मोठी आहे. आत्ताच एक गलबत बंदराबाहेर पडताना दिसलं. शीड उभारलेलं, डौलदार, सरळ रेषेत. पहारेकऱ्याला म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त.
काळंभोर लाकूड. फळीवर निळी चादर.
आपलंच होतं.
फोन बघितला. अंगठा दाखवून झाल्यावर बंद केला होता, संकल्पाप्रमाणे. चालू केल्यावर बायकोचे फोन दिसले. बरेच.

संध्याकाळ
धक्क्यावर थांबलो. अंधार पडता पडता आले. पाय ओले, केस विस्कटलेले, साडूची टोपी समुद्रात गेलेली आणि त्यावरून चौघंही हसतायत. चौथा तांडेल. एकच बेट झालं म्हणाले. तिथेच रमले.
मी सात मुद्दे सांगू लागलो. मेहुणी आणि साडू गाडीकडे गेले. बायको थांबली.
म्हणाली, "तांडेलला मी किती वेळ थांबवून ठेवलं. माझ्या शेजारची जागा धरून ठेवली होती तुमच्यासाठी. मग तिथे पिशव्या ठेवल्या."
मी म्हटलं, पुढच्या वेळी आठऐवजी दोनचीच वेळ ठेवू. म्हणाली, हो, ठेवा. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती चिडलेली नव्हती. दमल्यासारखी शांत होती आणि माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघत होती. कॉलर नीट केली नाही. पूर्वी करायची.
"खोलीचं उद्या हो म्हणून सांगते," एवढं बोलली आणि गाडीत बसली.
वाईट वाटायला हवं होतं. भूक लागल्यासारखं वाटलं. घरी येऊन जेवलो तर भूक नव्हती.

२७ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिस. साहेबांनी विचारलं, सहल कशी झाली? म्हटलं, फार छान, सगळे खूश होते.
खोटं काही नाही त्यात.

१ मार्च, बुधवार
आज ती सामान न्यायला आली. मी रजा घेतली होती. मदत करावी म्हणून. म्हणजे असं ठरवलं होतं की तिने कपाट उघडलं की मी बोलायला सुरुवात करायची.
कपाट उघडलं. मी दोरी कापून देत होतो. दोरी चांगली कापली. टेम्पोवाला वर-खाली करत होता. चहा विचारला, तो नको म्हणाला, ती हो म्हणाली. मी केला. साखर जास्त झाली, तिने पूर्ण प्यायला. कप विसळून ठेवला. स्वतःच्या घरात ठेवतात तसा, उपडा.
मला ती जायला नको होती. हे इथे लिहून ठेवतो, कारण इतर कुठे बोललो नाही.
शेवटची पिशवी घेऊन ती जिना उतरू लागली तेव्हा मी दारातून म्हटलं, "थांब."
ती थांबली. मधल्या वळणावर, कठड्याला धरून, वर बघत. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तरी हलली नाही. बराच वेळ थांबली होती.
मी म्हटलं, "खालची पायरी तुटलीय. जपून."
ती बरं म्हणाली आणि जपून उतरली.